मोडीचा भाव आणि वारशाची नोंद

आजीची बोरमाळ किंवा पणजीच्या लग्नातला तन्मणी आज केवढ्याचा, असे विचारले की मराठी घरात एकच उत्तर मिळते: सराफाकडे न्या, तो सांगेल. सराफ वजन करतो, कस पाहतो, खड्यांचे आणि लाखेचे वजन अंदाजाने वगळतो, घट धरतो आणि त्या दिवसाच्या भावाने एक आकडा सांगतो. आकडा खोटा नसतो. पण तो एकाच प्रश्नाचे उत्तर असतो, की हा दागिना आज मोडीत घातला तर हातात काय पडेल. चार भावंडांत वाटणी करायची असेल, तसाच दागिना पुन्हा घडवायचा असेल, विमा उतरवायचा असेल किंवा विकून भांडवली नफ्यावरचा कर भरायचा असेल, तर प्रश्न दर वेळी बदलतो आणि उत्तरही बदलायला हवे. आपण मात्र मोडीचाच भाव सगळीकडे चालवतो. वारशाने आलेल्या मौल्यवान वस्तूंचे मूल्यांकन आणि विमा हा या पुस्तकाचा विषय आहे, आणि तो वाचकापुढे ठेवताना माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. या व्यवहारात किंमत दुय्यम आहे. वस्तू कोणती, कशी घडवलेली, कोणाकडून कोणाकडे आली आणि शेवटची कुठे होती याची नोंद आधी, किंमत त्यानंतर. विमा कंपनीच्या टेबलावर, पोलीस ठाण्यात किंवा न्यायालयात माणसे हरतात ती बहुधा भाव कमी लागल्यामुळे हरत नाहीत. वस्तू आपल्याकडे होती हेच त्यांना दाखवता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी दिलेला लॉकरविषयीचा निकाल या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. कोलकात्यातल्या एका कुटुंबाचा, आईच्या काळापासून चालत आलेला लॉकर. भाडे थकल्याचे कारण सांगून बँकेने तो १९९४ मध्ये ग्राहकाला न कळवता फोडला. ग्राहकाच्या म्हणण्याप्रमाणे आत सात दागिने होते. परत मिळाले दोन. न्यायालयाने बँकेला कडक शब्दांत सुनावले, पाच लाख रुपये भरपाई आणि एक लाख रुपये खर्च द्यायला लावला, आणि रिझर्व्ह बँकेला सहा महिन्यांत लॉकरचे नियम करायला सांगितले. ग्राहक जिंकला, असेच कोणीही म्हणेल. पण ते पाच लाख दागिन्यांचे नव्हते, सेवेतल्या कसुरीचे होते. लॉकरमध्ये नेमके काय होते आणि त्याचे मोल किती, याचा निवाडा ग्राहक मंचात होणार नाही, त्यासाठी पुरावा घेऊन दिवाणी न्यायालयात जावे, ही राज्य आयोगाने घेतलेली भूमिका वरपर्यंत कायम राहिली. सत्तावीस वर्षांनी बँकेची चूक सिद्ध झाली आणि दागिन्यांचा प्रश्न होता तिथेच उरला.

या निकालानंतर १८ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने जे नियम काढले त्यांनी ग्राहकाची बाजू बरीच सुधारली, यात शंका नाही. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे लॉकरमधला ऐवज गेला तर बँकेला आता जबाबदारी झटकता येत नाही. पण त्या जबाबदारीला माप आहे: लॉकरच्या चालू वार्षिक भाड्याच्या शंभर पट. तीन हजार रुपये भाडे असेल तर तीन लाख. आत तीस लाखांचे सोने असो की जुन्या दस्तांचे गठ्ठे, आकडा तोच. पूर, भूकंप, वीज पडणे अशा नैसर्गिक संकटांत तर तेवढेही देणे बँकेवर नाही. सांगली-कोल्हापूरकरांनी २०१९ चा पूर पाहिला आहे, चिपळूणकरांनी २०२१ चा. नदीकाठच्या गावात तळमजल्यावरच्या लॉकरला या वगळणुकीचा अर्थ काय होतो हे त्यांना सांगायला नको. शिवाय बँकेला लॉकरमधल्या वस्तूंचा विमा विकण्यास त्याच नियमांनी मनाई केली आहे, आणि कारण स्पष्ट दिले आहे: आत काय ठेवले आणि काय काढले याची नोंद बँक ठेवत नाही. ‘लॉकरमध्ये आहे, म्हणजे सुरक्षित आहे’ या वाक्यातला दुसरा भाग त्यामुळे अर्धाच खरा आहे. काही विमा कंपन्या लॉकरमधल्या ऐवजासाठी वेगळी पॉलिसी देतात, पण दाव्याच्या वेळी त्यांचाही पहिला प्रश्न हाच असतो, की आत नेमके काय होते.

घरात ठेवलेल्या वस्तूंची गोष्ट फारशी निराळी नाही. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच मजकुराची पॉलिसी देणे बंधनकारक केले. पॉलिसी चांगली आहे. भाषा सोपी आहे, आणि घराच्या किंवा साध्या सामानाच्या विम्याची रक्कम कमी भरली म्हणून दाव्यात त्या प्रमाणात कपात करायची नाही, ही तिची अट ग्राहकाच्या सोयीची आहे. मात्र दागिने, चांदीची भांडी, चित्रे, पुराणवस्तू या साध्या सामानात मोडत नाहीत. त्यांच्यासाठी जास्तीचे संरक्षण मागून घ्यावे लागते, आणि ते आगाऊ मान्य केलेल्या मूल्यावर मिळते. त्यासाठी मूल्यांकनाचा दाखला द्यावा लागतो. एकूण रक्कम पाच लाखांच्या आत आणि प्रत्येक वस्तू एक लाखाच्या आत असेल तरच तो माफ होऊ शकतो. सोन्याने दहा ग्रॅमला लाखाचा टप्पा ओलांडल्यावर ही सूट जेमतेम एका अंगठीपुरती राहते. दुसरी बाब अधिक महत्त्वाची आणि अधिक दुर्लक्षित. मूळ पॉलिसी आग, पूर, वादळ, भूकंप, दंगल अशा संकटांची आहे. चोरीला ती भरपाई देते, पण अशा एखाद्या संकटानंतर सात दिवसांच्या आत झालेल्या चोरीलाच. गावी गेले असताना कुलूप फोडून चोर आले, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार त्यात बसत नाही. त्यासाठी घरफोडीचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते. लग्नसमारंभात किंवा प्रवासात अंगावरचा दागिना गेला तर सर्वजोखीम पॉलिसी लागते, आणि तिच्यातही नेमकी कधी आणि कुठे गेली हे सांगता न येणारी वस्तू, उघड्या किंवा राखण नसलेल्या गाडीतून गेलेली वस्तू, घरच्याच माणसाने नेलेली वस्तू सहसा वगळलेली असते.

त्यातही जुन्या दागिन्यांना दोन कलमे विशेष लागतात. पहिले सरासरीचे. ज्या पॉलिसीत हे कलम आहे तिच्यात बारा लाखांच्या ऐवजाचा विमा सहा लाखांचाच उतरवला असेल, तर चार लाखांच्या नुकसानीवर दोनच लाख मिळतात, कारण उरलेल्या निम्म्या जोखमीचा विमेदार स्वतःच धनी मानला जातो. २०१५ च्या सुमारास दहा ग्रॅम सोने पंचवीस-सत्तावीस हजारांत येत होते. दहा वर्षांत ते लाखापुढे गेले. तेव्हा ठरवलेली रक्कम दर वर्षी मुकाट्याने नूतनीकरण करत राहिलेल्या घराचा विमा आज फार तर पाव हिश्श्याचा आहे, आणि हप्ता नियमित भरल्याचे समाधान पूर्ण आहे. दुसरे कलम जोडीचे. दोन कुड्यांपैकी एक हरवली तर कंपनी बहुधा एकीचेच पैसे देते. उरलेली एक कुडी घालणार कोण, हा प्रश्न कंपनीचा नसतो. पाटल्या, बांगड्या, गोठ, तोडे हे सगळे जोडीने किंवा संचाने येणारे दागिने असल्यामुळे हे कलम आपल्याला जास्त बोचते, आणि पॉलिसी घेतानाच त्याच्याविषयी विचारून घेतलेले बरे.

आता नोंद म्हणजे काय लिहायचे, हे पाहू. इथेच जुन्या वस्तू आपल्याला पहिला चकवा देतात. आजोबांच्या वहीत ‘गोठ, तोळे बारा’ असे लिहिलेले असते, आणि नातू एकशे वीस ग्रॅम धरून चालतो. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. दशमान पद्धत रुळेपर्यंत, म्हणजे साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत, वहीत आलेला तोळा हा आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा या हिशेबातला आहे. बारा तोळे म्हणजे सुमारे एकशे चाळीस ग्रॅम. आजच्या भावात ही वीस ग्रॅमची तफावत लाखाच्या वर जाते. उलटा घोटाळाही होतो. वजन भरले म्हणून सोने बावीस कॅरेटचे धरायचे, आणि दागिना नेमका १९६३ ते १९६६ या काळातला निघायचा. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाच्या नियमांनी चौदा कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे दागिने घडवायला बंदी केली होती. ती पुढे १९६६ मध्ये उठली. त्या काळात रीतसर घडलेल्या दागिन्यात सोने ५८.५ टक्केच. म्हणून दागिना ज्या लग्नात घडला त्याचे साल माहीत असणे हा मूल्यांकनाचाच भाग आहे. हॉलमार्कचा उपयोग वारशाच्या वस्तूंना कमीच होतो, कारण सोन्याचे हॉलमार्किंग आपल्याकडे २००० साली सुरू झाले, सक्तीचे झाले १६ जून २०२१ पासून, आणि सहा अक्षरी-अंकी ओळख क्रमांक आला तो त्याच वर्षीच्या जुलैपासून. त्याआधीच्या दागिन्याला अधिकृत ओळख नाही. ती घरच्यांनीच तयार करायची आहे.

शुद्धता तपासायला आज दुकानात एक्स-रे यंत्र असते, काही सेकंदांत आकडा देते, आणि लोक त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. हे यंत्र पृष्ठभाग वाचते. मुलामा असेल तर मुलामा वाचेल. डाग दिलेल्या जागी धरले तर तिथला कमी कस दाखवील. खरी परीक्षा सोने कापून, वितळवून होते आणि वारशाच्या वस्तूवर ती करायला कोणी धजावत नाही, धजावूही नये. मराठी दागिन्यांत ही अडचण मोठी आहे, कारण आपले कितीतरी जुने दागिने भरीव नाहीत. बोरमाळेचा मणी म्हणजे लाखेवर चढवलेला सोन्याचा पातळ पत्रा. वज्रटिकेच्या मण्यांतही लाख असते. एकूण वजन आणि निव्वळ सोने यांत इतके अंतर पडते की वजनाच्या पावतीवर भागवणे म्हणजे स्वतःलाच फसवणे. ठुशी, चिंचपेटी, कोल्हापुरी साज यांत सोने थोडे आणि हाताचे काम फार. साजाची एकवीस पाने एकसारखी उठवून जवमण्यांत ओवणाऱ्या कारागिराची मजुरी मोडीच्या भावात शून्य असते. पुन्हा घडवायला गेलात की सोन्याचा भाव, घडणावळ आणि वर तीन टक्के वस्तू व सेवा कर असा हिशेब होतो. विमा हा नेहमी या दुसऱ्या हिशेबाने उतरवायचा असतो, आणि आपण तो पहिल्याने उतरवतो.

मोत्यांचे उदाहरण याहून टोकाचे आहे. नथीतले किंवा तन्मणीच्या सरांतले बसरा मोती म्हणजे इराणच्या आखातातले नैसर्गिक मोती. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई ही त्यांची जगातली मोठी पेठ होती. मोत्याचे वजन दुप्पट झाले की भाव चौपटीने चढावा, असा वर्गाचा हिशेब ‘चव’ या मापातून त्या बाजारात चाले. मग जपानी संवर्धित मोती आले, विसाच्या दशकानंतर नैसर्गिक मोत्याचा बाजार कोसळला, आणि घराघरांत दोन्ही प्रकार एकाच डबीत जाऊन बसले. नुसत्या डोळ्यांनी त्यांत फरक करता येतोच असे नाही. रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळेत क्ष-किरण प्रतिमा घ्यावी लागते. आज खऱ्या बसरा मोत्याला पुन्हा मागणी आहे. पण नथ मोडायला नेली तर सोन्याच्या तारेचे वजन होते आणि मोती कागदाच्या पुडीत घालून परत मिळतात. सराफ लबाड असतो म्हणून असे होत नाही. त्याला मोत्याविषयी कोणी विचारलेलेच नसते. आपल्याकडच्या जुन्या पैठण्यांची अशीच वासलात लागली: जरीतली चांदी काढण्यासाठी त्या जाळल्या गेल्या, आणि विणकामाचे मोल राखेबरोबर गेले.

सोन्याचांदीबाहेरच्या वस्तूंत घोळ उलट्या बाजूने होतो. तिथे लोक किंमत कमी धरत नाहीत, अवाच्या सवा धरतात. घरात राजा रविवर्म्याची लक्ष्मी किंवा सरस्वती आहे म्हणून आनंदणाऱ्या बहुतेक घरांत ती छापील प्रत असते. १८९४ मध्ये गिरगावात सुरू झालेल्या आणि पुढे मळवलीला गेलेल्या रविवर्म्याच्या छापखान्याच्या प्रतींना स्वतःचे मोल आहे, पण ते तैलचित्राचे नाही. भिंग धरले तर शिळाछापाचे ठिपके दिसतात. मूळ चित्र असलेच तरी १९७९ पासून रविवर्म्याची चित्रे राष्ट्रीय कलानिधीत गणली जातात, ती देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि लंडन-न्यूयॉर्कच्या लिलावातले आकडे त्यांना लावण्यात अर्थ नाही. तांब्याची शिवराई जुनी आहे म्हणून लाखाची नसते, कारण ती भरपूर चलनात होती आणि भरपूर उरली आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाचा सोन्याचा होन अतिदुर्मिळ, आणि म्हणूनच त्याच्या नकला सुबक. हस्तिदंती पेटी किंवा बाळलेण्यातले सोन्यात मढवलेले वाघनख यांची गोष्ट तर किमतीपलीकडची. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली त्यांची विक्री बंद आहे आणि मालकीच्या प्रमाणपत्राविना ती जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरू शकतो. ज्या वस्तूला कायदेशीर बाजारच नाही तिचे बाजारमूल्य कोणता विमेदार मागणार? शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती आणि चित्रांना पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी लागते. नोंदणीचा हा निराळा कायदाही १९७२ चाच, आणि तो १९७६ पासून लागू आहे, तरी देवघरातल्या पंचधातूच्या मूर्तीला तो लागू होईल अशी शंकाही बहुतेकांना येत नाही.

एवढे सगळे मान्य करूनही लोक यादी करत नाहीत. त्याला आळस म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. त्यामागे इतिहास आहे. १९५३ च्या मृत्युकर कायद्याने मागे ठेवलेल्या संपत्तीवर कर बसवला, १९५७ मध्ये संपत्ती कर आला, १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने ठरावीक वजनापुढच्या दागिन्यांची घोषणा मागितली. तीन पिढ्यांना राज्यकारभाराने एकच धडा दिला, की लिहिले ते अडकवते. ज्या घराने यादी केली त्याने कर भरला. ज्याने नाही केली त्याच्या डब्याकडे कोणी पाहिले नाही. आजी दागिन्यांविषयी कागदावर काही ठेवत नसे यात तिचे शहाणपणच होते. पण मृत्युकर १९८५ मध्ये गेला, सुवर्ण नियंत्रण १९९० मध्ये, संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने. आज वारसाहक्काने दागिने मिळाल्यावर कर लागत नाही. ज्या कायद्यांना घाबरून आपण गप्प राहायला शिकलो ते उरले नाहीत, सवय तेवढी उरली. उलट आता कागद नसणेच महागात पडते. विवाहितेकडे पाचशे ग्रॅम, अविवाहितेकडे अडीचशे, पुरुषाकडे शंभर, हे आकडे सर्वतोमुखी आहेत. पण मे १९९४ च्या ज्या सूचनेतून ते आले ती सूचना छाप्यात काय जप्त करू नये एवढेच सांगते. बाळगण्याची मर्यादा ती नव्हे. वारशाने आल्याचे दाखवता आले तर त्याहून कितीही जास्त असू शकते, हे अर्थ मंत्रालयाने डिसेंबर २०१६ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. विकताना तर मूल्यांकनच उपयोगी पडते: २००१ पूर्वीपासून कुटुंबात असलेल्या दागिन्याची किंमत म्हणून १ एप्रिल २००१ चे बाजारमूल्य धरता येते, आणि त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल चालतो. त्या दिवसाचा भाव शोधता येईल; त्या दिवशी दागिन्याचे निव्वळ वजन किती होते हे मात्र नोंदीवाचून कोण सांगणार?

यादी केली की भांडणे लागतात, हा दुसरा आक्षेप अधिक मनापासून घेतला जातो. आईच्या हयातीत मुलाने दागिन्यांचे फोटो काढायला बसावे हे दिसायला बरे नाही, हे मान्य. पण लिहिणे म्हणजे अविश्वास, ही कल्पना आपल्या रीतीत बसत नाही. लग्न ठरवताना याद होते, तीत देण्याघेण्याच्या वस्तू लिहिल्या जातात आणि दोन्हीकडचे लोक सह्या करतात. त्याला कोणी अपशकुन मानत नाही. पेशव्यांच्या जामदारखान्यात जडजवाहिराच्या याद्या ठेवल्या जात. गोव्यात तर पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली आणि आता २०१२ च्या वारसा कायद्यात बसवलेली इन्व्हेंटरीची प्रक्रिया आहे: मृताच्या संपत्तीची यादी होते, तिचे मूल्य लावले जाते, आणि एकाच वस्तूवर दोघांचे मन असेल तर वारसांमध्येच बोली लागते. त्या प्रक्रियेलाही वर्षे लागतात, भांडणे तीतही होतात. तरी भांडण वस्तू कोणाला जावी याचे असते, वस्तू होती की नव्हती याचे नसते. महाराष्ट्रात ते दुसरे भांडण अधिक. ‘आईचा चपलाहार मोठ्या वहिनींकडेच होता’ या वाक्याला पुराव्याने उत्तर देता येत नाही, म्हणून ते दोन पिढ्या चालते. लॉकरवरच्या नामनिर्देशनाने हा प्रश्न सुटतो हाही गैरसमज आहे. नामनिर्देशिताला ऐवज ताब्यात मिळतो, मालकी वारसांचीच राहते.

यादी स्वतःच जोखीम असते, हा मात्र आक्षेप खरा आहे आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर दागिन्यांचे फोटो, वजने आणि लॉकरची शाखा टाकणाऱ्याने यादी न केलेली बरी. एक छापील प्रत वेगळ्या जागी, एक विश्वासातल्या नातलगाकडे, ठावठिकाणा यादीत न लिहिता निराळा, एवढी काळजी पुरेशी वाटते.

चौथे म्हणणे भावनेचे, आणि मला सर्वांत वजनदार तेच वाटते. ज्या वस्तूची जागा दुसरी वस्तू घेऊ शकत नाही तिचा विमा कशाला? पैसे आले तरी आजीची नथ येणार नाही. बरोबर आहे, आणि म्हणून प्रत्येक वस्तूचा विमा उतरवावा असे हे पुस्तक म्हणत नाही. देवघरातले चांदीचे टाक, वजनाने हलके पण नावाचे दागिने, मोडलेले बाळलेणे यांवर दर वर्षी हप्ता भरण्यात फारसे हशील नाही. जो ऐवज गेला तर घराच्या आर्थिक घडीला धक्का बसेल, आणि जो पुन्हा घडवून घेण्याची खरोखर इच्छा आहे, त्याचा विमा असावा. बाकीच्यांना नोंद पुरे. पण नोंद त्यांनाही हवीच, किंबहुना त्यांनाच जास्त हवी, कारण चोरीला गेलेली वस्तू परत मिळण्याची जी काही शक्यता असते ती ओळख पटवण्यावर टांगलेली असते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितले आहे की जप्त केलेला मौल्यवान ऐवज पोलिसांनी वर्षानुवर्षे मुद्देमालाच्या खोलीत अडकवून ठेवू नये. पंचनामा करून, छायाचित्रे घेऊन, हमी घेऊन मालकाला द्यावा. मालक कोण हे मात्र मालकालाच पटवावे लागते. कुडीच्या मळसूत्राची मागची बाजू, नथीची दुरुस्त केलेली तार, साजातले बदललेले पान अशा खुणा फोटोत असतील तर ओळख पटते. समोरून काढलेल्या लग्नाच्या फोटोत त्या दिसत नाहीत. पण काहीच नसेल तर तोही पुरावा आहे, आणि तो अल्बम सांभाळून ठेवावा.

‘सोने हाच आमचा विमा’ असे म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात मला रस नाही. महागाईविरुद्ध आणि अडीनडीला सोने उपयोगी पडते हे पिढ्यांनी अनुभवले आहे. पण ते सोने हाताशी असेपर्यंतचे. सोने गेले तर काय, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नाही. परदेशी गेलेल्या मराठी घरांना तो वेगळ्या रीतीने भेटतो. अमेरिकेतल्या नेहमीच्या घरविम्यात दागिन्यांच्या चोरीची मर्यादा साधारण दीड हजार डॉलरच्या आसपास असते. त्याहून अधिक हवे असेल तर प्रत्येक दागिना मूल्यांकनासह वेगळा नोंदवावा लागतो. तिथल्या मूल्यांककाने चिंचपेटी पाहिलेली नसते. तो सोन्याचे वजन करून मोकळा होतो, आणि हजारो मैलांवर मोडीचा भाव पुन्हा भेटतो. आईकडून मिळालेला संच तिकडे नेण्यापूर्वी इथेच, हे काम जाणणाऱ्याकडून अहवाल करून घेणे शहाणपणाचे.

तो जाणकार कोण असावा, याबद्दल माझे मत ठाम आहे. ज्याला वस्तू विकत घ्यायची आहे त्याच्याकडून मूल्यांकन घेऊ नये, आणि ज्याचा मोबदला ठरलेल्या मूल्याच्या टक्केवारीत आहे त्याच्याकडूनही नाही. पहिला आकडा खाली ओढील, दुसरा वर. फुगवलेल्या दाखल्याने विमा कंपनी फसते हा समज भाबडा आहे: हप्ता फुगलेल्या रकमेवर जातो, आणि दाव्याच्या वेळी सर्वेक्षक वस्तूचे खरे मोल काढू लागला की जुना दाखलाच तुमच्या विरुद्ध उभा राहतो. अहवालात एकूण वजन आणि निव्वळ वजन वेगळे हवे, खड्यांची आणि मोत्यांची संख्या, ते नैसर्गिक की संवर्धित हे तपासले की नुसते मानले, शुद्धता कोणत्या पद्धतीने काढली, दोन्ही बाजूंची छायाचित्रे मोजपट्टीसह, तारीख, आणि मूल्यांकन कशासाठी केले याचा एका ओळीत उल्लेख. ही शेवटची ओळ बहुतेक दाखल्यांत नसते, आणि तिच्यावाचून आकडा वाटणीचा की विम्याचा की मोडीचा हे पाच वर्षांनी कोणालाच सांगता येत नाही. पुढची प्रकरणे याच क्रमाने लावली आहेत: आधी वजने आणि कस, मग मोती, खडे, वस्त्रे, चित्रे आणि नाणी, मग वाटणी व कर. विम्याची प्रकरणे शेवटी येतात. ज्यांची पॉलिसी या वर्षी नूतनीकरणाला आली आहे त्यांनी मात्र ती आधी वाचावीत, आणि रक्कम शेवटची कोणत्या साली ठरवली होती ते पाहावे.